केस कापायला कुठं जावं

आबा, मी आता वराळ्याला राहते. तुम्ही पाहिलेलं वराळं आता राहिलं नाही. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्यात, आणि त्यातल्याच एका इमारतीत माझी दोन खोल्यांची जागा आहे. नर्सची नोकरी संपली. लग्न मी केलं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. माझं लग्न व्हावं म्हणून तुम्ही आईपेक्षा जास्त तळमळलात. सकाळी चहा करते, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते, पेपर वाचते, आणि तरी सगळा दिवस उरतोच. पण हे सांगायला बसले नव्हते. सांगायचं एवढंच होतं, की मी जिथं केस कापायला जात होते ती जागा बंद पडली.

तळेगावात एका बाईंचं पार्लर होतं, राहत्या घराचीच पुढची खोली. दवाखान्यात नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा गेले ती कायमची त्यांचीच झाले. केस खांद्यापर्यंत ठेवायचे, एवढंच माझं असायचं. बाई कापता कापता त्यांच्या गुडघेदुखीचं सांगायच्या, मुलीच्या सासरचं सांगायच्या, मी गोळ्यांची नावं सांगायचे. या उन्हाळ्यात गेले तर शटर बंद, वरची पाटी काढलेली, भिंतीवर तिच्या खिळ्यांची भोकं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई नाशिकला गेल्या, मुलीकडं. आता तिकडंच राहणार." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्हाला बोलल्या नाहीत?" रिक्षा न करता चालत निघाले. बाईंचा तरी काय दोष? माझा नंबर त्यांनी कधी मागितला नव्हता, मीही दिला नव्हता. इतकी वर्षं मी आपली समजत होते की आमची मैत्री आहे. मी त्यांची गिऱ्हाईक होते.

मग केस वाढतच राहिले. पाऊस सरला, दिवाळी झाली. एके दिवशी न्हाणीघरात डोक्यावर पाणी घेताना लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत माझ्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचाच हात लागलेला नाही. डोक्यालाच काय, अंगालाही नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांना हात लावत आले आबा. पाठी पुसल्या, कुशी बदलल्या, मेलेल्या माणसांचे डोळे मिटले. आणि आता दुकानदार सुटे पैसे देतो तेव्हा ते काउंटरवर ठेवतो. मी तशीच पाण्याचा तांब्या धरून बसले, आणि तुमचे हात आठवले.

गावात न्हाव्याचं दुकान नव्हतं, एक म्हातारा घरोघर फिरायचा. आपल्या वस्तीत तो यायचा नाही. तो माणूस वाईट नव्हता, पण आपल्या डोक्याला हात लावला असता तर गावानं त्याच्याकडं डोकं दिलं नसतं. तुम्ही खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे गँगमन, रुळांवर हातोडा चालवणारे. गँगमधल्या एका कानडी माणसाकडून केस कापायला शिकलात, आणि लोणावळ्याच्या बाजारातून कात्री, वस्तरा आणि हाताचं मशीन घेऊन आलात. सुट्टीला गावी आलात की सकाळपासून आपल्या दारात माणसं. पोरांची डोकी तुमच्या गुडघ्यात धरलेली, मशीन केस ओढतंय, पोर कळवळतंय आणि तुम्ही म्हणताय, "हालू नगं. कान ठिवायचाय का न्हाई?" सगळे हसायचे. हात खडबडीत होते तुमचे, पण डोक्यावर ठेवलात की डोकं आपोआप गप्प व्हायचं.

मला टायफॉइड झाला ते साल मला सांगता येणार नाही, मी चौथीत असेन. ताप उतरला आणि केस गळायला लागले. आई फणी फिरवायची, फणीत झुपकाच्या झुपका, आणि आई तोंड फिरवून रडायची. तुम्ही रजा टाकून आलात. मला दारात उजेडाला बसवलंत. आई म्हणत होती, "पोरीची जात हाय, र्‍हाऊ द्या थोडं तरी." तुम्ही वस्तरा हातात घेतलात. सगळं डोकं साफ केलंत, वरून खोबरेल चोळलंत आणि किती वेळ नुसता हात फिरवत राहिलात. मी आरशात पाहिलं आणि ठरवलं, शाळेत जायचं नाही. सकाळी आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा डोक्याला गुंडाळून चुलीमागं बसले होते. तुम्ही आत आलात. तुमचंही डोकं तुळतुळीत. पहाटेच आईच्या हातात वस्तरा दिला होतात म्हणे. माझ्या डोक्यावरचं फडकं ओढून घेतलंत आणि रागावून म्हणालात, "झाकायचं न्हाई. आपण काय चोरी केलीया?" मग माझा हात धरून शाळेकडं निघालात. आपल्याकडं माणूस डोकं कधी काढतो ते सगळ्यांना माहीत. पाराजवळ बसलेल्या पाटलांच्या भावानं हटकलं, "कोण गेलं रं तुमच्यात?" तुम्ही थांबलात. म्हणालात, "कुणी गेलं न्हाई. पोरगी वाचली."

आबा, त्यानंतर माझ्यासाठी इतकं मोठ्यानं कुणी काही बोललं नाही.

तर आता नवीन जागा शोधायला निघाले. आमच्याच इमारतींच्या रांगेत खाली एक मोठं सलून झालंय, सगळी काच. आत गेल्यावर मुलीनं मोबाइल नंबर विचारला, मग विचारलं, "मॅम, सिनियर स्टायलिस्ट हवा की ज्युनियर?" मी म्हटलं, केस कापायचेत. एका मुलानं कंगव्याच्या टोकानं माझी बट उचलली, लांबूनच, ड्रेसिंग उघडताना आम्ही चिमट्यानं कापूस उचलायचो तशी, आणि म्हणाला, "खूप डॅमेज आहेत, मॅम." मी उठले. नंतर एका शनिवारी लोणावळ्याला गेले. का, ते नक्की सांगता येत नाही. तुमच्या गँगच्या चाळीवरून एकदा जावंसं वाटलं असेल. बाजारातल्या पार्लरमध्ये लग्नाचं वऱ्हाड भरलं होतं, पुण्यामुंबईच्या मुली, हसण्याचा गलका. एकीनं मला अगदी गोड आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही एकट्याच आहात ना? मग जरा तिकडं सरकता? आम्हाला एकत्र बसायचंय." मी सरकले. सरकत सरकत दारापर्यंत आले आणि बाहेर पडले. चाळीकडं गेलेच नाही. चिक्कीचं पाकीट घेऊन परत आले, ते अजून फोडलेलं नाही.

तिसरी जागा मी शोधली नाही, ती दिसली. इंदुरीच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीला लागून एक खोली, दाराला फुलाफुलांचा पडदा. दळण टाकलं होतं आणि वेळ होता. आत तिशीतली एक मुलगी एकटीच बसून जेवणाचा डबा झाकत होती. "या मावशी, बसा हितं," म्हणाली, आणि मी बसायच्या आधीच तिनं माझी वेणी सोडवायला घेतली. बोटं थेट केसांच्या मुळाशी. "लय वाढलेत की. इतके दिस कुटं होता?" जणू मी तिच्याकडंच येत होते आणि मध्येच खाडा केला होता.

बोलता बोलता कळलं, ती आंदर मावळातली. गावाचं नाव सांगितलं आणि मी दचकलेच. आपल्या गावाच्या पलीकडचं गाव, आबा, ओढा ओलांडला की. मी आपलं गाव सांगितल्यावर तिला कोण आनंद झाला. "अगं बया! माझी आत्या दिलीया तिथं. कुणाच्या तुमी? पाटलाच्या का?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ओळखते. नोकरीत, भाड्याचं घर शोधताना, गाडीत शेजारी बसलेल्या बाईकडून, किती तरी वेळा त्याला बगल दिली आहे. त्या दिवशी दिली नाही. आरशात तिच्याकडं बघत म्हटलं, "नाही. आम्ही बौद्ध. ओढ्याकडच्या वस्तीतले. माझे वडील रेल्वेत होते, वस्तीतल्या सगळ्यांचे केस तेच कापायचे." तिचा हात थांबला का? मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. कात्री क्षणभर थांबली, पण ती केस झटकायलाही थांबली असेल. मला खरंच सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "म्हंजे आमच्याच धंद्यातले की. मान खाली करा, मावशी." आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवून तिनं मान खाली केली.

नंतर तिनं केस धुतले. बेसिनला गरम पाणी येत नव्हतं, तर शेगडीवर तापवून बादलीत आणलं, एका हातानं माझी मान खालून धरली आणि मगानं हळूहळू ओतत राहिली. माझे डोळे वाहायला लागले. "पानी कडक हाय का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझे कान पुसले, कपाळ पुसलं, आणि गाल मात्र दोनदा पुसले.

निघताना तिनं विचारलं, "आता परत कवा?" केस इतके नीट कापले होते की दोन महिने बघायला नको. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात. घरात लग्न आहे." ती खूश झाली. "कुणाचं?" मी म्हटलं, "भाचीचं." मग हळद कधी, मेंदीला किती जणी येणार, साडी कुठल्या रंगाची, सगळं विचारत बसली, आणि मी सगळं सांगत गेले. दळण कधीच झालं होतं.

हे पत्र घालायला मला पेटी नाही, ते मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मला भाची नाही, आबा. घरात लग्नही नाही. केस काही आठवड्याभरात वाढत नाहीत, म्हणून लग्न काढावं लागलं.