खताच्या गोदामातले एक्केचाळीस फोटो

शेलमाळ, ता. केज, जि. बीड
१४ फेब्रुवारी १९८७

आदरणीय दाजी,

आश्रुबाचा तुम्हाला आणि अक्काला सविनय जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? औरंगाबादेत जिने फार, म्हणून विचारतो. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे आंघोळ दिवसाआड, तीही टँकर आला तर. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतली नाहीत, त्यामुळे निम्मं गाव रिकामं आहे आणि उरलेलं निम्मं माझ्यावर रागावलेलं आहे. नेमकं कशासाठी ते मला अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे.

झालं असं की आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. असल्या दुष्काळात कार्यक्रम कसला करता, असं मी सेक्रेटरी या नात्यानं म्हणून पाहिलं. चेअरमन मोहनराव म्हणाले, जेवणावळ नको, जुने फोटो लावू, फोटोला पाणी लागत नाही. (हे मला पटलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात या पटण्यातूनच झाली.) कपाट उघडलं तर तुम्ही इथे स्टुडिओ चालवत होता तेव्हा सोसायटीसाठी काढलेले एक्केचाळीस फोटो निघाले. गुरुवारचा बाजार, शिंप्याचं दुकान, लिंबाखाली दाढी करणारा न्हावी, बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीसाठी लागलेली रांग, सगळं आहे. पण एकाही फोटोमागे नाव नाही. दाजी, तुम्ही एवढे बारकाईचे माणूस, तेव्हा पेन्सिल मिळत नव्हती का?

मोहनरावांनी हुकूम दिला की प्रत्येक फोटोखाली चिठ्ठी लागली पाहिजे. मग मी फोटो पिशवीत घालून घरोघर फिरलो. त्यातून कळलं की गावात कुणालाच काही आठवत नाही, पण खात्री मात्र प्रत्येकाला आहे. मिलोच्या रांगेत चौथा माणूस उभा आहे, त्यानं उपरण्यानं अर्धं तोंड झाकलंय. भिवराबाई म्हणाली हा माझा बाप. रामहरी म्हणाला हा माझा चुलता, आणि हे बोलताना त्यानं भिवराबाईच्या बापाबद्दल नको ते काढलं, त्यामुळे मला तिथून चहा न घेता उठावं लागलं. मोहनराव म्हणाले, आमच्या घरचं कुणी कधी मिलोच्या रांगेत उभं राहिलं नाही. मग त्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि उलटा करून माझ्या पिशवीत घातला. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘चौथे गृहस्थ : माहिती घेणे चालू आहे.’

चिठ्ठ्या मी आकड्यांप्रमाणे लावून शिपाई सुग्रीवच्या हाती दिल्या. खताच्या गोदामात सुतळ्या बांधून फोटो टांगायचे होते. फोटो मी पुढच्या दारापासून टांगत गेलो. सुग्रीवनं चिठ्ठ्या मागच्या दारापासून लावल्या, कारण पुढच्या दारात मी स्टूल ठेवलं होतं. (त्याचं म्हणणं चूक माझी. तीन दिवस विचार करतोय, त्याचंच बरोबर असावं असं वाटायला लागलंय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनरावांनी फीत कापली आणि पहिल्याच फोटोपुढे हात जोडले. तो त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आपल्या संस्थापक चेअरमनांचा. खाली चिठ्ठी होती, ‘संस्थेने आणलेला जर्सी वळू. वय चार वर्षे. खुराक रोज पाच किलो.’ मी घाईघाईनं त्यांना पुढे नेलं, तर शेवटी वळूच्या फोटोखाली, ‘यांच्या अपार कष्टामुळे गावात घरोघरी समृद्धी आली.’ हे मात्र वळूच्या बाबतीतही खोटं नव्हतं, आणि तसं मी बोलूनही गेलो. ते बोलायला नको होतं.

पुढे दोन तास नुसता गोंधळ. न्हाव्याच्या फोटोखाली तलाठ्याचं नाव, तलाठ्याखाली न्हाव्याचं. भिवराबाई आणि रामहरी दोघं मिळून माझ्या अंगावर आले. त्यांचं कधी नव्हे ते एकमत झालं. युरियाच्या वासानं माझं डोकं उठलं होतं. खरी चिठ्ठी कुठली नि खोटी कुठली, हे माझं मलाच कळेना.

त्या गर्दीत साखराबाई आली. तुम्हाला आठवत असेल, त्रिंबकची बायको. त्रिंबक मिलोच्या सालानंतर ऊसतोडीला गेला आणि तिकडे फडावरच तापानं वारला. तिच्या घरी त्याचा फोटो नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून ती चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडली नाही. एकेक फोटो बघत चालली आणि शिंप्याच्या दुकानापुढे थांबली. तिथे मशीनमागे भिंतीशी एक माणूस उघडाच बसलाय. मी त्याला आजवर पोतं समजत होतो.

“हे बसलेत बघा,” ती म्हणाली.

मी विचारलं, कोण?

“आमचे. सदऱ्याला ठिगळ लावाया गेलते. मी घरी वाट बघत बसले, आन् हे हितं फोटूत बसले.”

मग म्हणाली, चिठ्ठी लाव. काय लिहू विचारलं, तर नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? “तुला ठावं हाय की,” एवढंच म्हणाली. मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी नाव वाचलं तसा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू तो दारातून आत आला. गोदामात तेवढा वेळ कुणी भांडलं नाही.

असो. गाव का रागावलंय ते अजून कळलं नाही, पण कागद संपत आला. गुडघ्याला एरंडेल चोळत जा.

चिठ्ठ्यांत हरवलेला तुमचा मेहुणा,
आश्रुबा

ता. क. : शिंप्याचा फोटो साखराबाईला द्यावा म्हटलं, तर मोहनराव म्हणतात ती संस्थेची मालमत्ता, वार्षिक सभेत ठराव लागेल. तुमच्याकडच्या डब्यात निगेटिव्ह असेल. एक मोठी प्रत काढून पाठवा.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं. जाता जाता साखराबाई आणखी एका फोटोपुढे थांबली. बहात्तरच्या दुष्काळातलं पाझर तलावाचं काम, डोक्यावर मातीची पाटी घेतलेली बाई, गाल पार आत गेलेले. म्हणाली, “ही तर तुझी माय. तिच्या चिठ्ठीत काय लिव्हलंय, तेबी वाच की.” मी म्हटलं, चष्मा आणला नाही. (चष्मा नाकावर होता.) एक्केचाळीसांतला हा मधला, एकविसावा फोटो, म्हणून याची चिठ्ठी तेवढी जागेवर लागली होती. तिच्यावर मीच लिहिलं होतं, ‘अनोळखी मजूर बाई.’ त्या साली मी बीडला बोर्डिंगात होतो. घरून पत्र यायचं, सगळं ठीक आहे, अभ्यास कर. उन्हाळ्यात एकदम माय गेल्याची तारच आली. माझ्या आठवणीतली माय भरल्या गालांची आहे.

त्या फोटोचीही प्रत काढा. तुम्ही तेव्हा आमचे दाजी व्हायचे होता, ओळख पटली तर अक्कालाच पटेल. अक्काला आधी काही सांगू नका, नुसती हातात द्या आणि ती काय म्हणते ते कळवा. मी रोज गोदाम उघडून बघतो, माझी खात्री होत नाही. चिठ्ठी मात्र काढून टाकली आहे.