नानांची घागर

ती. आईस, कामिनीचा गोव्याहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे. खोकलाही थांबलाय, धूळ उडते तेव्हा मास्क लावतेच. तुला झोप लागते का गं? फोनवर बोलणं अर्धवटच राहतं, म्हणून लिहितेय.

नाना गेल्यावरची ही पहिलीच आखाजी, आणि इथे अक्षय तृतीयेची सुट्टी नाही, म्हणून मला येता येणार नाही. मी जिचं सुकाणू बनवतेय ती शिडाची बोट पावसाळ्याआधी निघायची आहे. फोम तासून सुकाणूचा आकार करायचा, वर कार्बनचं काळं कापड रेझिनने चिकटवायचं. वाळलं की नाण्याने सगळीकडे ठोकून बघायचं. आवाज खणखणीत आला तर कापड धरलंय, बद्द आला तर आत पोकळ राहिलंय.

काल साहेबांनी विचारलं, "तुला इतका बारीक फरक कसा कळतो?" नानांचीच लेक ना मी! आखाजीला पितरांसाठी पाणी भरायची घागर नाना चोपड्याच्या बाजारात बोटाने वाजवून घ्यायचे. कुंभार वैतागायचा, आणि नाना मला म्हणायचे, "आयक, घागर बोलस."

यंदा ती त्यांच्याच नावाने भरायची.

तेजसला एकट्याला पाठवू नकोस, माझा भाऊ हाताला लागेल ती उचलून आणेल. तू जा. गळकी निघाली तर नाना तहानलेले राहतील.

बाजारातूनच मला फोन लाव, घागरीजवळ धर आणि वाजव. आवाज ऐकून मी सांगेन, घ्यायची की नाही.

तुझीच,
कामिनी