पऱ्हाटीवरची हिवटी

२ जानेवारी
टिक्-टिर्र, टिक्-टिर्र. पहाटे कानात तोच आवाज — चौथीच्या वर्गातला. आम्ही सगळे कविता म्हणत होतो आणि भिकूच्या परकराच्या खिशातली आगपेटी ताल धरत होती! आत हिवटी. तांदळाएवढा किडा, पाठीवर कापसासारखी लव. कडाक्याच्या थंडीत पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, रस शोषायचा आणि गायचा. ऊन चढलं की गप्प. गुरुजी गरजले, "कोण टिकटिक करतंय?" भिकूचा चेहरा उतरला. मीच हात पुढे केला. छड्या खाल्ल्या, पण ती कविता अजून तोंडपाठ.
भिकूला पुढे फैजपूरला दिली. त्यानंतर गाठ नाही. हिवटीचीही नाही. मरण्याआधी एकदा ऐकायची आहे.
लताबाईला सांगितलं तर म्हणते, "हिवटी आठोते, का भिकू?" बायको आहे ती माझी.

४ जानेवारी
मुलगा हितेंद्र कपाशी उपटतोय. केळी लावायची म्हणे. हिवटीसाठी चार झाडं ठेव म्हटलं. "आबा, बोंडअळी राह्यते त्यात. अन् असा किडा मी तर कधी पाह्यला नही." माझा आजाही तू पाहिला नाहीस, म्हटलं. तो होता ना?
पोरगा हसला. बांधावरची चार ठेवली — थंडी सरेपर्यंत.

८ जानेवारी
थंडीचा पत्ता नाही. उगाच स्वेटर घालून बसलो.

११ जानेवारी
पडली! तोंडातून वाफ. गोधडी पांघरून बांधावर गेलो. तिसऱ्या झाडाच्या बेचक्यात पांढरं काहीतरी. कापसाचा पुंजका की हिवटी? चष्मा घरी. आवाज आला नाही — की माझेच कान गेले? उद्या चष्म्यासकट.

१२ जानेवारी
सकाळीच लताबाईच्या माहेरची मंडळी फैजपूरहून आली. चहापाण्यात गुंतलो. मग शेतात भरताचा बेत. वांगी भाजायला काड्या कमी पडल्या, तर हिने बांधावरची चारही झाडं उपटून जाळात घातली. मी पोचलो तेव्हा वांगी सोलणं चाललं होतं.
"तुमची होती ती? माले वाटलं, हितू उपटायचं विसरला. धूर किती झाला पण!"
भरीत सुरेख झालं होतं, दोनदा वाढून घेतलं. तरी घास तोंडात फिरत होता. लताबाई बघत होती.
संध्याकाळी ओसरीत कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलत बसली. माहेरचंच असेल काही.

१४ जानेवारी
संक्रांत. उजाडायच्या आत कडी वाजली. दारात एक म्हातारी, शाल डोक्यावरून, दम लागलेला. मी ओळखलं नाही. मागे लताबाई पदराआड हसतेय.
"तुह्या बायकोनं फोन केला," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे सातपुड्याचा गारठा हाये, अजून सापडते. असा काय पाह्यतो? हात पुढं कर."
केला. तेव्हासारखाच.
तिने तळहातावर आगपेटी ठेवली.
टिक्-टिर्र.