पेट्यांची गाडी उंच करताना

४ जानेवारी, नांदेड

“तुझं-माझं वेगळं मांडलं की मैत्रीला मुंग्या लागतात.” लातूरच्या वसतिगृहात नंदा म्हणाली होती. माझ्या आईनं माझ्यासाठी पाठवलेल्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन, निम्मे संपवून. डी.एड.चं पहिलं वर्ष. तेव्हापासून हे वाक्य मी कौतुकानं लोकांना सांगत आले.

आज आठवलं ते पिकअप अडकल्यावर. कंधारच्या शिवारात तुरीवर ठेवलेल्या आमच्या मधपेट्या बघून परतत होतो. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांनी वाटेला गुडघाभर चाकोऱ्या पाडल्यात. चाकं चाकोरीत आणि गाडी मधल्या उंचवट्यावर बसलेली, कोंबडी अंड्यांवर बसावी तशी. नंदानं पुढे-मागे करून पाहिलं. मग स्टिअरिंगवर हनुवटी टेकून म्हणाली, “शालू, एकतर गाडी उंच करू, न्हाईतर तू बारीक हो.” खूप हसलो. खोऱ्यानं उंचवटा छाटला तेव्हा कुठे सुटलो.

ठरलं. करडईवर पेट्या न्यायच्या आधी गाडी उचलायची. गेल्या हंगामाच्या मधाच्या पैशातून बाजूला ठेवलंय त्यात उचलणं आणि टायर दोन्ही मनासारखं होणार नाही. एक नीट करायचं, एक चालवून घ्यायचं.

८ जानेवारी

दोघी गाडी घेऊन रफिकभाईंच्या गॅरेजला. नंदा बाहेर फोनवर. तासभर तरी.

मी मोबाईलवर ‘लिफ्ट किट’ दाखवलं. रफिकभाई म्हणाले, “ते हौशी पोरांचं, मॅडम. जीपला लावतेत आन् रीलं काढतेत. आपल्याला दोनच रस्ते.” एक, मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांखाली ठोकळा घालायचा. गाडी वर येते, बसणं आहे तसंच मऊ राहतं. दुसरा, पाट्यांच्या संचात एक जादा पाटा. त्यानं वरही येते, ओझंही पेलते, पण दणके बसतात.

“माल काय भरता?”

“मधमाश्या.”

ते गाडीपासून दोन पावलं मागे सरले. “आत्ता हैत का आत?”

मी वाकून खाली बघितलं. घासलाय तो मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यामधला गोळा. दांडा चाकांच्या आधारावर असतो. म्हणजे पाटे वाढवून गाडी कितीही उचलली तरी गोळा जमिनीपासून तेवढाच. तो वर न्यायचा तर टायरच उंच हवेत. रफिकभाईंना विचारलं. “हाव, बरोबर. टायर मोठं घ्या, आन् ते वर घासू नये म्हणून बारीक ठोकळा.”

उगीच आनंद झाला. शाळेत गणित सुटल्यासारखा. नंदाला सांगितलं तर नुसतं “बघू.”

११ जानेवारी

दिवसभर टायरची दुकानं. नवे, वापरलेले, वरून नवं रबर चढवलेले. मला बटनचे आवडले, जाड गाठींचे, चिखल धरून ठेवणारे. पण डांबरावर ते घोंघावतात आणि गाडी थरथरते म्हणे. माझ्या माश्यांना थरथर नको. मग मधलं काहीतरी, उंच पण गाठी आखूड. एका दुकानात थोडाच वापर झालेला तसला संच आहे. दुकानदाराला म्हटलं, “मैत्रिणीला विचारून सांगते.”

सगळ्यांचे फोटो नंदाला पाठवले. तिनं बघितले, उत्तर नाही. संध्याकाळी मीच फोन केला.

“जादा पाटाच टाकू. टायर हाय त्याच मापाचे, जाड, ओझ्याचे.”

“अगं, गोळा तिथंच राहील. आणि दणक्यानं पोळी तुटतील. थंडीत मेण ठिसूळ असतं.”

“लेखिकाबाई, तुम्ही लिव्हा. गाडी मी चालवून राहिले इतकी वर्षं.”

खरंय. स्टिअरिंग तिच्या हातात असतं. मी शेजारी बसून झाडं बघते, घरी येऊन त्यांच्यावर लेख लिहिते. तरी लागलं.

१६ जानेवारी

नंदा गाडी घेऊन दारात. जादा पाटा बसवूनच आली, लोह्याच्या कुठल्या गॅरेजात. विचारलं नाही, कळवलंही नाही. मागून उंच, पुढून वाकलेली. गाडी कुणाच्या तरी पाया पडतेय असं दिसतं.

मी चहा टाकला. म्हणाले, छान दिसते.

का म्हणाले.

१९ जानेवारी, निलंगा

काल दिवस मावळल्यावर माश्या पेट्यांत परतल्या, दारं जाळीनं बंद केली, पेट्या चढवल्या. वाटभर गाडी आपटत होती. एरवी नंदा पूर्ण रस्ता गाते, काल नाही.

सकाळी अण्णांच्या करडईत पेट्या उतरवल्या. हे अण्णा म्हणजे दरवर्षीचे आमचे शेतमालक, कानडी मराठीत बोलणारे, दिलदार. पहिली पेटी उघडली. चौकटीतून पोळं निखळून तळाला. दुसरी, तीच गत. मधात बुडालेल्या माश्या, एकमेकींना चिकटून. अजून हलत होत्या. राणी शोधत होते, सापडली तेव्हा ती हलत नव्हती.

अण्णा वाकून बघत म्हणाले, “बाई, माश्या आणल्यात का शिरा करून आणलाय?” मग माझं तोंड बघून पाणी आणायला गेले.

नंदा धुराचा डबा हातात धरून उभी. धूर सगळा तिच्याच तोंडावर.

मागचा हौदा धुताना फळ्यांच्या फटीत करड्या रंगाची खडीची कच. मूठभर निघाली.

“नंदे, खडी वाहिलीस?”

“शेजाऱ्याच्या घराला. एकच खेप.”

मान्य केलं. लगेच.

२१ जानेवारी, निलंगा

दोन दिवस तुटलेली पोळी दोऱ्यानं चौकटींना बांधतोय. नंदाचे हात मधानं भरलेले, तिचा फोन वाजत राहिला. “उचल गं,” म्हणाली. उचलला.

“ताई, एक तारखेपासून लावायची ना गाडी खडी क्रशरला? जादा पाटा टाकला का? दिवाळीत बोललो व्हतो तसा?”

मी म्हटलं, टाकलाय. आणि फोन तिच्या कानाला लावला.

नंतर ती बांधावर बसली. मी उभीच.

“दिवाळीत ठरलं?”

“हाव.”

“मग मला टायर बघत का फिरवलंस?”

“तू लई हौसेनं फिरून राहिली होतीस. तोंडातून निघंना.”

मग तिच्या मुलीचं सांगितलं. लातूरला नर्सिंगला आहे, मला ठाऊक आहेच. “मध फुलावर असतो, शालू. फी तारखेवर असती. खडीचं महिन्याचं ठरलेलं हाय.”

मला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं. निदान अर्धा महिना तुझा, अर्धा माझा असं काही. हे मी मोठ्यानं म्हटलं का मनात, आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, “गाडी दोघींची आहे.” आणि ती करडईकडे बघत म्हणाली, “कागदावर माझं नाव हाय.”

आहे. लायसन तिच्याकडे, म्हणून नाव तिचं. आरटीओत एजंटनं विचारलं होतं, दोघींत करार वगैरे करायचा का. आम्ही दोघी त्याला हसलो होतो. मी जास्त.

२७ जानेवारी, नांदेड

एस.टी.नं परत आले. लातूरला गाडी बदलताना वसतिगृहाच्या बाजूला बघितलं नाही.

राग गाडीचा नाही. खडी वाहो. माझ्या मनात एकच चित्र परत परत येतं. मी टायरवाल्याच्या दुकानात उकिडवी बसून गाठींची खोली बोटानं मोजतेय, फोटो काढतेय, पाठवतेय. आणि ती तिकडे एकेक फोटो उघडून बघतेय. काय वाटत असेल तिला बघताना? वाईट वाटलं असेल तर आणखीच…

दुपारी टायरवाल्याचा फोन. “ताई, तुमचा संच बाजूला काढून ठेवलाय. मैत्रीण काय म्हणाली?”

म्हटलं, अजून विचारतेय.

६ फेब्रुवारी

दुसरी गाडी शोधतेय. चार ठिकाणी विचारलं. माश्या म्हटलं की ड्रायव्हर हात जोडतात. एकजण म्हणाला, “मुडदा न्या म्हणा, नेतो. माश्या नगं.”

पहिल्या वर्षी नंदाला पापणीवर डंख बसला होता. डोळा मिटून गेला. तरी मुखेडपासून कंधारपर्यंत एका डोळ्यानं गाडी आणली आणि वर मला म्हणाली, “तुला अर्धीच दिसून राहिलीय मी, का पूर्ण?”

तिचा राग राग करायला बसते आणि असलं काहीतरी आठवतं. धड रागावता पण येत नाही.

क्रशर रविवारीही चालू असतं असं कळलं.

१५ फेब्रुवारी

अण्णांचा फोन. “बाई, फूल सरलं. तुमच्या माश्या माझ्या गुळाच्या ढेपेवर बसून राहिल्यात. हकलू का जेवू घालू?”

करडई वाळली. जगलेल्या पेट्या तरी लवकर हलवायला हव्यात, नाहीतर उपाशी मरतील. मुखेडकडे कांद्याच्या बियाण्याचं शेत आहे, गोंडे फुलू लागलेत, शेतकरी वाट बघतोय. फूल आहे, माश्या आहेत. मध्ये एवढा रस्ता.

साखरेचा पाक घालायला सांगितलंय अण्णांना. किती दिवस.

१८ फेब्रुवारी

नंदाला मेसेज. सकाळपासून लिहून पुसतेय. पहिल्यात सगळा हिशेब काढला, दुसऱ्यात रडले, दोन्ही पुसले.

मागतेय ते तिला परवडणारं नाही, कळतंय. पाटा काढायचा एक दिवस, पेट्यांचा एक, परत बसवायचा एक. क्रशरवाला तेवढ्यात दुसरी गाडी लावेल. आणि समजा तिनं जमवलंच, तरी वाटभर माझ्या शेजारी बसायचंय तिला. तेच जड जाईल. नाहीच म्हणेल. कदाचित तेही म्हणणार नाही, नुसतं बघून ठेवून देईल, फोटोंसारखं.

पाठवलं ते असं:

“नंदा, अण्णांकडचं फूल संपलं. पेट्या मुखेडला न्यायच्यात. एवढ्या एका खेपेपुरता तो जादा पाटा काढून गाडी आणशील का? ड्रायव्हर पाठवू नको. तू ये.”