वांग्याच्या मुळांवरच्या गाठी

बाई,

आज सकाळी गच्चीवरचं वांग्याचं रोप उपटलं आणि मुळांवर गाठी दिसल्या, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण या गाठींबद्दल बोलावं असं दुसरं कुणी मला नाही.

रोप माझं नव्हतं. इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर भाजीच्या कुंड्या आहेत, त्यांची व्यवस्था मी पाहते. खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीची वांगी रोज दुपारी माना टाकायची. तू पाणी घालत नाहीस, असं मी तिला चारचौघींत सुनावलं. ती म्हणाली, "मॅडम, पानी तो रोज देती हूँ। दोपहर को सो जाते हैं, शाम को उठ जाते हैं। मेरे पति जैसे।" सगळ्या हसल्या. मी नाही हसले. काल तिचा कोपरा काढून दुसऱ्या कुटुंबाला दिला.

आज तिच्या कुंड्या रिकाम्या करायला गेले, तर माती चांगली ओली. मूळ बादलीत धुतलं, तर आल्याच्या तुकड्यासारखं गाठाळ. आणि एकदम मी पुन्हा तुमची विद्यार्थिनी, तुमच्या प्रयोगशाळेत उभी आहे. भेंडीच्या मुळाचं चित्र काढून खाली 'नत्राच्या गाठी' असं लिहितेय. तुम्ही मागून येता, पेन्सिल काढून घेता. "नत्राच्या गाठी कडधान्याच्या मुळांना. भेंडी कधीपासून कडधान्य झाली? आधी नाव लिहितेस, मग बघतेस. नखाने गाठ खुड. सुटली तर बाहेरची वस्ती, नाही सुटली तर मूळच सुजलंय."

खुडलं. सुटली नाही. म्हणजे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा हा जीव मुळात घर करतो आणि झाड ओल्या मातीत तहानेलं राहतं. दुपारभर एकेक मूळ भिंगाखाली धरून बसले, जेवायचं विसरले. मिट्ट अंधारात त्याला नेमकं वांग्याचं मूळ सापडतं कसं, बाई? हे तुम्हाला विचारायचं राहिलं.

पण ते आले कुठून? माझं टोमॅटोचं रोप उपटलं, तर त्याच्या गाठी याहून मोठ्या. दिवाळीनंतर मीच तिला दोन घमेली माती दिली होती. काही वाया घालवायचं नाही या माझ्या नियमाने, वाळलेल्या टोमॅटोची मुळं बारीक चिरून त्यात मिसळून.

संध्याकाळी तिच्या दारात मुळं घेऊन उभी राहिले. "ये मेरी मिट्टी से आया। गलती मेरी है। माफ करना।" तिने मूळ उलटसुलट करून पाहिलं. "इतना झेल के भी दो बैंगन दिये बिचारे ने," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मतलब मैं झूठ नहीं बोल रही थी न?"

"नहीं."

ती सगळी माती आता प्लॅस्टिकखाली उन्हात तापवायची. तिचा कोपरा परत मागता येण्यासारखा नव्हता. तिच्या हवाली केलं ते असं: गच्चीवरचा माझा स्वतःचा कोपरा, नव्या मातीच्या चार कुंड्या, सूत्रकृमींना दूर ठेवणारी झेंडूची सहा रोपं, पिशवीभर निंबोळी पेंड. आणि माफी, तीही हिंदीत. मराठीत ती मी अजून कुणाकडे मागितलेली नाही.