सातव्या मजल्यावरची श्रेया

काळाचौकी, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्रेया,
सप्रेम जय भीम.

जेवतेस का नीट? झोप लागते का? आत्ता हे विचारण्यात अर्थ नाही, तरी विचारते. लवूकाकांचं कळल्यापासून तुला फोन लावतेय, पण दर वेळी तुझा भाऊ निलेशच उचलतो. म्हणून पत्र. चाळीत भिंतीवर थाप मारली की तू "आले गं" म्हणून ओरडायचीस, आणि आता कुडाळला तिकीट लावून लिहावं लागतंय बघ.

इकडे सगळं बरं आहे. अजितची ड्युटी बदलली. लिफ्ट पुन्हा बंद आहे.

बरं काय डोंबल! श्रेया, काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हंबरडाच फोडला. आवाज ऐकून समोरच्या सुभद्रावहिनी धावत आल्या, काय झालं म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा गेले." मग काय, अख्खा मजला गोळा झाला. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून तीन दिवस बायकांनी बिनफोडणीचं जेवण आणलं. "श्रेयाताई, दोन घास खा" म्हणत होत्या. मी खाल्लं गं. तुझ्या वाट्याचं सांत्वन मी घेतलं, आणि रडू मात्र खरं होतं.

काकांनी तुला सांगितलं असेलच. लॉटरीत लागलेलं गिरणी कामगाराचं घर पाच वर्षं विकता येत नाही. काकांना तर गावी जायचं होतं. मग त्यांनी आमच्याकडून पैसे घेतले, मुखत्यारपत्र करून दिलं आणि किल्ली हातात ठेवली. मुदत संपली की स्वतः येऊन रजिस्टर करून देतो म्हणाले. तोवर सर्व्हेला कोणी आलं तर मी त्यांची मुलगी. काका केवढे हसले होते! "आता माका दोन श्रेया!" दारावर गावडे, लाइटबिलावर गावडे, आणि बाबासाहेबांची तसबीर कपाटात. घरासाठी मी तेवढं केलं, पण कपाट उघडलं की जीव जळायचा.

येत्या गुढीपाडव्याला मुदत संपत होती.

वकील रघुवीर म्हणतात, माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपलं. मी म्हटलं, अहो, पण सही त्यांचीच आहे ना? नोटरीचा शिक्का आहे ना? ते म्हणाले, "बाई, आता घर त्यांच्या वारसांचं. आणि कोर्टात गेलात तर आधी तुम्हालाच सांगावं लागेल की मुदतीआधी घर घेतलं." म्हणजे खरं बोललं तरी आपणच अडकायचं. इतकी वर्षं मी हप्ते भरले, पाणीपट्टी भरली, लाद्या बसवल्या. हे एक कोणी आधी का नाही सांगितलं गं?

सांगितलं होतं म्हणा. याच वकिलांनी दिवाळीआधी सुचवलं होतं की काकांकडून मृत्युपत्र करून घ्या. त्यासाठीच तर अजित आणि मी जोडीने कुडाळला आलो होतो. तुला वाटलं, सहज आलो. काकांनी बांगडे आणले, तू तिरफळं घालून कढी केलीस. जेवताना मी तीनदा तोंड उघडलं. पण समोर बसून माशाचा काटा काढून देणाऱ्या माणसाला, काका, तुम्ही मेलात तर आमचं कसं, हे कुठल्या तोंडाने विचारू? मी एवढंच म्हटलं, "काका, पाडव्याला नक्की याल ना?" तर म्हणाले, "गो बाये, मी खंय पळान चललंय काय?"

परवा निलेश आला होता. एकटा नाही, घर बघायला एक जोडपं घेऊन. मी चहा टाकला. माझ्याच स्वयंपाकघरात ती बाई टेप लावून फ्रिजची जागा मोजत होती आणि मी तिला साखर किती विचारत होते. ती म्हणाली, "तुम्ही भाडेकरू का?" दारातून सुभद्रावहिनी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "अहो, भाडेकरू कसली, ही गावड्यांची श्रेया!"

निलेश हसला. "ही? ही माझी बहीण नाही. आमच्या चाळीतली आहे."

त्यात खोटं काहीच नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून मजल्यावर कोणी बोलत नाही. काल मी तसबीर काढून भिंतीवर लावली. आता लपवायचं कोणापासून?

घर विकायला निलेशला तुझी सही लागणार आहे. तू दिली नाहीस तर विक्री अडेल, पण घर माझ्या नावावर व्हायलाही त्याचीच सही लागेल, आणि तो ती देणार नाही. म्हणजे तुझ्याकडे मागू तरी काय? तुझा भाऊ आहे, तुलाही संसार आहे. बाप जाऊन पंधरवडा झाला नाही आणि मी तुला घराचं लिहितेय, माझी मलाच लाज वाटते. पण काय ठरवशील ते मला त्याच्याकडून नको कळू दे. तू कळव.

आणि एक. उत्तर पाठवलंस तर पाकिटावर माझं नाव घालू नकोस. रश्मी नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणून पोस्टमन ते परत नेईल. तुझंच नाव घाल, म्हणजे मला मिळेल.

अजून तरी तुझ्याच नावाची,
रश्मी