चौदाशे काकू

राजारामपुरी, कोल्हापूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. आज्जीस,
सौंदर्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की खालचा दवाखाना तक्रार करतो, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे?

आपल्या वडगावचा जोतीराम काल आमच्या फोटो स्टुडिओत आला होता. त्याच्या आईचं, चिमणाबाईंचं, वर्षश्राद्ध डिसेंबरात आहे आणि भिंतीवर लावायला फोटोच नाही. आधार कार्डावरचा मोठा केला तर आई कुठली आणि डाग कुठला कळेना. म्हणाला, लग्नालग्नांतून चपात्या लाटायला जायची, तुमच्या एखाद्या फोटोत असेलच की. मी हो म्हणून बसले.

आमच्याकडे लग्नांचे तीन लाख फोटो आहेत. नावं मीच घातली होती, घाईत, तोंडात येईल ती: मामा, वहिनी, काकू. चिमणाबाईंना सगळं गाव काकू म्हणायचं. शोधलं तर चौदाशे काकू निघाल्या.

आता फोटो नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय, म्हणजे कपाटच समज. दोन मिळतात. पहिलं चेहरे ओळखून आपोआप गठ्ठे करतं, पण नावं स्वतःच्या पोटात ठेवतं. उद्या ते सोडलं की नावं गेली. दुसऱ्यात एकेक नाव हातानं लिहावं लागतं, पण ते त्या फोटोतच राहतं. भागीदार आदर्शला पहिलं हवंय. त्याआधी ओझं कमी करायला तो ‘नको’ नावाच्या गठ्ठ्यातले हललेले फोटो पुसणार आहे. तुला काय वाटतं?

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
सौंदर्या


पेठ वडगाव
ता. ९ नोव्हेंबर

चि. सौंदर्या हिस,
आज्जीचे अ. आ.

दुसरी शिकलेल्या बाईला कॉम्प्युटरचं इचारतीस, म्हंजे तुमचं दोघांचं लई भांडण झालेलं दिसतंय. गुडघा हाय तसाच हाय.

आदर्शला सांग, आमच्यात लग्नाला धा घरची भांडी गोळा व्हायची. पंगत उठली की सगळी एका ढिगात. परत घरोघर कशी जायची? ताटावर नाव घातलेलं असायचं: कुणी दिलं, कुणाला, कवा. फडताळावर कुणी नाव घालत न्हाय. फडताळ मोडतंय, इकलं जातंय. शेजारणीनं ताट दाबून ठिवलं तरी नाव दाखवून उचलून आणता येतंय. मी आणलंयबी. तवा ज्यात फोटोवरच नाव पडतंय ते घे. हात दुखला तर दुखू दे.

आता चिमणाबाईचं. जोतीराम पहिल्यापासनं रडका, पण मागतोय ते बरोबर हाय. फोटोला बोलावलं की ती पदर घेऊन चुलीकडं पळायची. तुमचं मशीन तोंड बघून हुडकतंय, हिनं तोंड वर केलंय कवा? जिथं धूर हाय, हात हललाय, तुम्हाला बघायसारखं काय वाटलं न्हाय, तिथं बघ. म्हंजे तुमचं ते ‘नको’च की. आधी आदर्शचा हात धर.

जेवत जा येळेवर. माया हाय ती हायच, लिवायला लागत न्हाय.
आज्जी


राजारामपुरी
२० नोव्हेंबर

ती. आज्जीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आदर्श पुसायलाच बसला होता. काही फोटो गेले होते. तिथंच उभी राहून वाचून दाखवलं. तो आधी चिडला, ताटांपाशी हसला, मग थांबला. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर चार दिवस फुकट चालवून पाहिलं. त्यानं समईला माणूस धरलं, चिमणाबाई काही दिली नाही.

रविवारी आम्ही दोघांनी ‘नको’ उघडला. गावच्या पूर्णिमाच्या लग्नातला मांडवामागचा एक फोटो निघाला. वाफ, लाटणं वर उचललेलं, आणि मान वर करून कुणावर तरी ओरडत हसणारी बाई. समोरच्या माणसाचा फक्त हात दिसतो, पाटल्या घातलेला. जोतीरामला बोलावून दाखवला. म्हणाला, “अशीच वरडायची.”

दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. पहिलं नाव चिमणाबाईंचं, पुरं घातलं. तुझे एकवीस फोटो सापडले, सगळ्यांवर ‘आज्जी’ लिहिलंय.

अशीच रागावत राहा.
तुझी,
सौंदर्या


पेठ वडगाव
ता. १२ डिसेंबर

चि. सौंदर्या हिस,
अ. आ.

जोतीरामाकडं जेवून आले. फोटो भिंतीवर लावलाय. लाटणं उगारलेला फोटो श्राद्धाला शोभतोय व्हय, म्हणून भावकी कुरकुरली. रडक्यानं पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं न्हाय.

ती वरडतीय ती माझ्यावर. माझ्या चपात्या जाड हुत्यात म्हणत हुती. पाटल्या माझ्याच. काल तिच्या फोटोखाली बसून जेवले. चपात्या खरंच जाड हुत्या, आन् सांगायला कोण नव्हतं.

तू ‘आज्जी’ लिवलंस ते पूस. उद्या तुझी नातवंडं हुडकायला बसली की हजार आज्ज्या निघतील. नाव पुरं घाल, खाली सही केलीय तसं. आन् त्या पाटल्यांच्या हातावरबी घाल. तोंड न्हाय म्हणून सोडू नको.

आदर्शला जेवायला घेऊन ये. चपात्या तूच लाट.

रत्नव्वा सिद्धाप्पा मगदूम, पेठ वडगाव